माझ्या नावावर चाललेली पावलं

ज्या हॉस्पिटलात माझ्यावर उपचार झाले, तिथे व्यायाम शिकवणाऱ्या एक ताई आहेत. गेल्या वर्षी त्या म्हणाल्या, नव्या पेशंटसाठी तुमचा अनुभव लिहून द्या. पन्नाशी उलटलेला, वीस-बावीस वर्षं खुर्चीतून न उठलेला माणूस पुन्हा चालता-फिरता होऊ शकतो, हे लोकांना कळू दे. मी दोन पानं लिहून दिली. ती तिथल्या भिंतीवर लावलेली आहेत. तपासणीला गेलो की मी तिकडे पाठ करून बसतो.

त्या पानांत खोटं काही नाही. पण ते निम्मंच आहे. उरलेलं निम्मं इथे लिहितो. आजारातून उठलेल्या माणसाला सगळे शाबासकी देतात. ती घेताना मला वर बघवत नाही, ते का, हे एकदा सांगून टाकायचं आहे.

काटा

मी वजनकाट्यावर काम करतो. पिंपळवंडीच्या आमच्या घरापासून मोटारसायकलवर दहा मिनिटं, हायवेला लागून. गाडी काट्यावर चढते, मी बटण दाबतो, पावती निघते. खिडकीतून हात बाहेर काढला की पावती ड्रायव्हरच्या हातात जाते आणि त्याच खिडकीतून चहा आत येतो. उठायचं कारणच नाही. मोटारसायकल केबिनच्या पायरीला टेकवायची आणि संध्याकाळी घरच्या ओट्याला.

तरुणपणी मी असा नव्हतो. यात्रेत शर्यतीच्या गाड्याचे बैल धरायला मला आंबेगाव तालुक्यातून बोलावणं यायचं. उधळलेल्या बैलाच्या वेसणीला लोंबकळून मी त्याला उभा केलेला आहे. पुढे शर्यतींना जाणं सुटलं, लग्न झालं, काटा मिळाला. शरीराला पुन्हा काही मागितलंच नाही.

आमचा काटा दहा-दहा किलोने मोजतो. गाड्यांसाठीच आहे तो. रिकाम्या वेळी मी त्याच्यावर उभा राहायचो. लागलो तेव्हा साठ दाखवायचा. मग सत्तर, ऐंशी. अधलंमधलं काही नाहीच. माणूस वर्षानुवर्षं त्याच आकड्यावर राहतो आणि एके दिवशी एकदम दहा किलो वाढतो. एकशे दहा दाखवला तेव्हा तिथला एक हमाल ड्रायव्हरला म्हणाला, “भाऊंना काट्यावरनं उतरवून मग वजन कर राव, न्हायतर तुझ्या मालात धरत्यात.” सगळे हसले. मीही हसलो.

घरची दोन एकर आणि तीन गाई. टोमॅटोची बांधणी, औषधाची फवारणी, पिकलेल्या फळांचा तोडा, धारा, चारा, सगळं मंगल बघायची. मंगल म्हणजे माझी बायको, माहेर मंचरजवळचं. कुणी विचारलं की मी म्हणायचो, शेती आम्ही घरीच करतो. त्या ‘आम्ही’मध्ये मी कधी कुठे होतो, हे मला कुणी विचारलं नाही.

सोडा

टोमॅटोच्या हंगामातली दुपार होती. एका टेम्पोचं मागचं चाक काट्याच्या बाहेर राहिलंय की काय, ते बघायला मी खाली उतरलो. केबिनला चार पायऱ्या. वर येताना चौथ्या पायरीवर छातीत कुणीतरी गुडघा रोवल्यासारखं झालं. जबडा आवळला. शर्ट ओला झाला.

मला वाटलं पित्त. मीठ घालून सोडा प्यायलो. मग मंगलला फोन केला. दुखतंय हे सांगायला नाही. डब्यातल्या वांग्याच्या भाजीला किती तेल घालतेस, छाती जळायला लागली, हे ऐकवायला.

ती रानात होती. म्हणाली, “तेल सकाळीच संपलं व्हतं. कोरडीच परतलीय भाजी. तुमाला बरं न्हाई का?”

मी फोन ठेवून दिला. ते आमचं शेवटचं बोलणं ठरलं असतं, हा विचार मला आजही मधूनच येतो, बहुतेक जेवताना.

त्या टेम्पोच्या ड्रायव्हरनेच माझा चेहरा बघून काय ते ओळखलं. मला उचलायला चौघं लागले. टोमॅटोचे क्रेट बाजूला सारून त्यांनी मला टेम्पोत आडवं केलं. नारायणगावच्या डॉक्टरांनी कागदाची पट्टी काढली, ती बघितली आणि माझ्याशी न बोलता बाहेर जाऊन फोन लावला. तेव्हा मला कळलं. डॉक्टर आपल्याशी न बोलता बाहेर जातात, तेच निदान असतं. पुढे ॲम्ब्युलन्स, पुणे, हाताच्या नसेतून घातलेली नळी आणि दोन स्टेंट. ते कसं करतात हे तुम्हाला तिथले लोक माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

मंगल आली ती रानातल्या कपड्यांवरच. साडीवर माझा जुना फुल शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, बोटं टोमॅटोच्या पाल्याने काळी-हिरवी. आयसीयूच्या दारातल्या नर्सने तिला हात धुऊन यायला सांगितलं. ती तीनदा धुऊन आली. तो रंग एवढ्यात जात नाही. शेवटी नर्सने तसंच आत सोडलं. माझ्या पायाशी उभं राहून तिने एवढंच विचारलं, “भाजीनं झालं का?”

वॉर्ड

हॉस्पिटलातले दिवस एकसारखे असतात. पहाटे रक्त घेणारा येतो, मग फरशी पुसणाऱ्या बाई, मग बेचव उपमा, मग डॉक्टर. डॉक्टर दोन मिनिटं थांबतात आणि त्या दोन मिनिटांसाठी सगळं घर सकाळपासून तयार बसलेलं असतं. मला सगळ्यात भीती वाटायची ती संडासला जाण्याची. पलंगापासून बारा पावलं. प्रत्येक पावलाला वाटायचं, आता ते आतलं जे काही बसवलंय ते निसटणार.

शेजारच्या पलंगावर जुन्नरचे इक्बालभाई होते. धंदा शिलाईचा. चाळीस वर्षं मशीनवर बसून काढलेली. पहिल्याच दिवशी म्हणाले, “भाऊ, मी बसून कपडे शिवले, तुमी बसून गाड्या मोजल्या. देवानं पाय दिले ते काय खुर्चीखाली ठेवायला?” त्यांच्या हसण्याने ठोके मोजणाऱ्या मशीनवर माझा आकडा वर जायचा आणि नर्स त्यांनाच रागवायची. तिसऱ्या दिवशी संडासपर्यंत मला त्यांनीच चालवलं. एका हातात त्यांची सलाइनची बाटली, दुसऱ्या हाताने माझं कोपर धरलेलं. एवढ्या सगळ्यात तेवढं एक बरं झालं.

मंगल बाहेर बाकावर बसायची. आमची मुलगी प्रियांका पुण्यातच कंपनीत आहे, ती आईला आपल्या खोलीवर चल म्हणायची, पण मंगल हलायची नाही. घरी सोडायच्या आदल्या दिवशी ती माझ्याजवळ बसून म्हणाली, “मी लेण्याद्रीला बोललेय.”

मी विचारलं, काय?

“तुमी तुमच्या पायानं वर चढाल. न् दोघं मिळून नारळ फोडू.”

लेण्याद्रीच्या पायऱ्या तीनशेच्या आसपास आहेत. मला बारा पावलांची भीती होती. मी तिच्यावर चिडलो. दुसरा नवस बोलता आला नाही का, वर्षभर संकष्टी धरतील, पेढे वाटतील, असला काही? ती म्हणाली, “त्यात तुमी काय केलं असतं? संकष्टी मीच धरली असती.”

बसा भाऊ

घरी आल्यावर एक तक्ता मिळाला होता. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं चालायचं, मग दहा, मग पंधरा. वाचायला सोपं आहे. आता खरं सांगतो, मला नक्की काय झालं.

एक म्हणजे भीती. चालायला लागलो की कानात ठोके ऐकू यायचे. ते ऐकायला मी थांबायचो. थांबलो की ते आणखी मोठे व्हायचे. मग घरी.

दुसरं जरा हसण्यासारखं आहे. आमच्याकडे कारणाशिवाय कुणी रस्त्याने चालत नाही. चालत जाणारा माणूस दिसला, की त्याची गाडी बंद पडली असेल नाहीतर त्याच्याकडे कुणी वारलं असेल, असं लोक धरतात. मी घरातून निघायचो. पन्नास पावलांवर पहिली मोटारसायकल थांबायची. “बसा भाऊ, सोडतो.” मी म्हणायचो, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. ते म्हणायचे, “अवो पण आताच आपरेशन झालंय ना तुमचं? बसा बसा.” दोनदा नाही म्हटलं की समोरच्याला वाईट वाटतं. तिसऱ्यांदा म्हटलं तर भाऊबंदकीतलं जुनं काहीतरी आठवतं. मी बसायचो. असा मी पिंपळवंडीतला एकमेव माणूस असेन जो रोज सकाळी फिरायला मोटारसायकलवर जाऊन यायचा.

पण खरं कारण या दोन्हींत नाही. मला नाही म्हणायचंच नव्हतं. गाडीचा आवाज आला की मी आधीच रस्त्याच्या कडेला थांबायचो.

प्रियांकाने पावलं मोजणारं घड्याळ आणून दिलं होतं. रोज संध्याकाळी त्यावरच्या आकड्याचा फोटो तिला पाठवायचा. पहिल्या आठवड्यात आकडे आले सहाशे, नऊशे, सातशे. तिचा फोन यायचा. ती ओरडायची नाही, रडवेली व्हायची. पप्पा, प्लीज. डॉक्टर म्हणालेत की चालला नाहीत तर हे पुन्हा होईल.

एके दिवशी सकाळी मंगल तोड्याला निघाली होती. मी घड्याळ काढून तिच्यापुढे धरलं.

तिला आधी कळलं नाही. मग कळलं. “पोरीला फसवायचं का?”

मी म्हणालो, चार दिवस. ती काळजी करते. माझा दम बसला की मी चालीनच.

तिने बांगड्या मागे सारल्या, हात पुढे केला आणि मी पट्टा आवळत असताना म्हणाली, “म्हंजे आता तुमचं चालणं पण मीच करायचं.”

हे तिने हसत म्हटलं होतं की कसं, ते मी बघितलं नाही. मी भोकात बटण बसवत होतो.

आकडे

त्या संध्याकाळी घड्याळात तेरा हजारांच्या वर पावलं होती. मला वाटलं काहीतरी बिघडलं. दुसऱ्या दिवशी बारा. तोडा असला की चौदा. मी फोटो काढायचो आणि पाठवायचो. प्रियांका टाळ्यांची चित्रं पाठवायची. मी काट्यावर पुन्हा जाऊ लागलो होतो, खुर्चीत.

चार दिवसांचे पाच महिने झाले.

पाच महिने रोज संध्याकाळी तो आकडा मी माझ्या डोळ्यांनी वाचला. मंगल घड्याळ काढून माझ्यापुढे ठेवायची आणि चुलीकडे जायची. मी आकडा वाचायचो आणि चहाची वाट बघायचो. ही पावलं कुणाच्या तरी पायांनी टाकलेली आहेत, असं एकदाही माझ्या मनात आलं नाही. ती उठताना जमिनीला हात टेकते, हे दिसत होतं. ओट्याची पायरी आडवी होऊन उतरते, हेही दिसत होतं. मी एकदा तिला म्हटलंसुद्धा, वजन वाढलंय तुझं. तिचं.

चट्टा

सहा महिन्यांच्या तपासणीला आम्ही तिघं गेलो. त्या दिवशी घड्याळ अर्थातच माझ्या हातावर होतं. फिरत्या पट्ट्यावर चालण्याची चाचणी घेतली, ती तीन मिनिटांत थांबवावी लागली. मला बसताही येईना, एवढी धाप. प्रियांकाने अभिमानाने डॉक्टरांना मोबाईलमधले सगळे आकडे दाखवले.

डॉक्टरांचा चेहरा बदलला. ते म्हणाले, रोज बारा-तेरा हजार पावलं चालणाऱ्या माणसाची ही अवस्था होता कामा नये. आत पुन्हा काहीतरी अडलेलं असणार. परत नळी घालून बघावं लागेल. उद्याच ॲडमिट व्हा.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. प्रियांकाचा चेहरा पांढरा पडलेला मी बघितला आणि गप्प बसलो. तुम्ही विचाराल, असा कसा माणूस? मीही विचारतो. गरज नसताना नसेत नळी घालून घ्यायला मी तयार होतो, पण पोरीच्या समोर खोटा पडायला तयार नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी संमतीचा कागद आला. त्यावर काय काय होऊ शकतं ते लिहिलेलं असतं. प्रियांका तो ओळीवर बोट ठेवून वाचत होती. तिने पेन टेकवलं तेव्हा मंगल बाकावरून उठली. उठायला तिला दोनदा प्रयत्न करावा लागला. ती डॉक्टरांसमोर गेली आणि पदराखाली धरलेला डावा हात तिने टेबलावर ठेवला.

मनगटावर बोटभर रुंदीचा चट्टा होता. पट्ट्याखाली घाम आणि टोमॅटोच्या पाल्याचं काळं साचून कातडी सोलली होती, वाळली होती, पुन्हा सोलली होती. सगळीकडून गोल. घड्याळाच्या जागी एक चौकोन.

“ते चालत न्हाईत, साहेब,” ती म्हणाली. “मी चालते.”

डॉक्टरांनी तिच्या हाताकडे बघितलं, माझ्या हातावरच्या घड्याळाकडे बघितलं. मला वाटलं आता मला बोलतील. त्यांनी मंगलला खुर्ची दिली आणि विचारलं, “एवढं? रोज?”

“तोडा नसला की कमी.”

“गुडघे दुखतात?”

ती माझ्याकडे बघून म्हणाली, “लई न्हाई.”

तिचा एक्स-रे काढला. माझी नळी रद्द झाली आणि तिचे गुडघे सापडले. दोन्ही. आतली गादी राहिलीच नव्हती, हाडावर हाड घासत होतं. डॉक्टर म्हणाले की हे वर्षानुवर्षांचं आहे, पाच महिन्यांचं नाही. ते त्यांनी मला बरं वाटावं म्हणून सांगितलं. मला त्याने आणखी वाईट वाटलं. ती वर्षं मी तिच्यासमोर बसून काढलेली होती.

प्रियांका माझ्याशी त्या दिवशी बोलली नाही. गावी परतायच्या गाडीत बसवून देताना फक्त म्हणाली, “पप्पा, मी तो आकडा रोज ऑफिसमध्ये सगळ्यांना दाखवायचे.”

दोन हजार

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घड्याळ घातलं आणि रस्त्याला न जाता मागच्या दाराने बांधावर गेलो. बांधावर मोटारसायकल येत नाही. आमच्या बांधाच्या टोकाला एक बाभूळ आहे, तिथून खोडदकडच्या रेडिओ-दुर्बिणीची पांढरी तबकडी दिसते. तिथपर्यंत जाऊन यायचं. तीन वेळा खाली बसलो. एकदा ओकलो. संध्याकाळपर्यंत सगळं मिळून सतराशे चाळीस पावलं झाली. ती मी प्रियांकाला पाठवली. टाळ्या आल्या नाहीत. निळी खूण आली, म्हणजे बघितलं.

दोन हजारांवर पोचायला मला तीन आठवडे लागले. ज्या दिवशी झाले त्या दिवशी मी ओट्यावर पालथा पडलो, पोटऱ्या लाकडासारख्या झालेल्या. आणि तिथे पडल्या पडल्या मला ते तेरा हजार कळले. आकडा म्हणून नव्हे, पोटरीत कळले. मी दोन हजारांनी आडवा झालो होतो. ती तेरा हजार चालून आल्यावर मला चहा द्यायची आणि मी म्हणायचो, साखर कमी आहे.

त्यानंतर व्यायाम असा वेगळा मी केला नाही. तिची कामं उचलली. आधी गाईंचा चारा. मग पाणी. मग धारा, ज्या मला येत नव्हत्या आणि गाईंना मी आवडत नव्हतो. एका गाईने मला दोनदा पाडलं. मंगल ओट्यावर बसून सांगायची, “उजव्या बाजूनं जावा. घाबरू नका, तिला कळतंय.” तिला हसू यायचं, पण ते फार वेळ टिकायचं नाही. तीस वर्षं जिचे हात रिकामे नव्हते तिला बसवून ठेवलं की ती कोमेजते. ती मेथी निवडायची, निवडलेली पुन्हा निवडायची. एकदा मी रानातून आलो तर ती गोठ्याच्या दारात भिंत धरून उभी होती, झाडू हातात. मी रागावलो. ती म्हणाली, “मग मी काय करू ते तरी सांगा.”

माझी पावलं वाढत गेली तशी तिची थांबत गेली. लोकांना यातलं फक्त पहिलं दिसतं.

इक्बालभाई अधूनमधून फोन करायचे. ते रोज जुन्नरच्या बाजारातून फेरी मारायचे आणि प्रत्येक दुकानात थांबायचे, त्यामुळे एक मैलाला दोन तास लागायचे. मी त्यांना सगळं सांगितलं होतं. तेव्हा ते म्हणाले, “भाऊ, मी शिवलेल्या कपड्यांची काजं-बटनं सगळी घरवालीनंच केलीत. तिचे डोळे गेल्यावर मला चष्मा आठवला.” आणि मग त्यांनी फोन ठेवला.

वर्षाने काटा नव्वद दाखवायला लागला. हमाल म्हणाले, भाऊ, निम्मे गेले कुठं? आता मी पावती द्यायला खाली उतरतो. चार पायऱ्या, दिवसातून साठ-सत्तर वेळा. चौथीवर अजूनही पाय जरा थांबतो.

तुम्ही नुकतेच घरी आला असाल, तक्ता हातात असेल, तर भीती वाटणारच. ती महिनाभर राहते, मग कमी होते. ठोके ऐकू येतात ते बरं लक्षण आहे. लोक गाडीवर बसा म्हणतील, तर बांधाने जा. खोटा आकडा पाठवू नका, डॉक्टर त्यावरून औषध ठरवतात. आणि चालायला सुरुवात करायच्या आधी एकदा घरात बघा, तुम्ही बसून होतात तेव्हा तुमच्या वाट्याचं कोण चालत होतं.

नारळ

मागच्या महिन्यात आम्ही लेण्याद्रीला गेलो. प्रियांकाही आली होती. ती माझ्याशी बोलते आता, पण जपून.

मंगलचं ऑपरेशन अजून झालेलं नाही. रक्त कमी आहे, ते आधी वाढवा म्हणतात. आणि तिला भीती वाटते, ती कबूल करत नाही. पायथ्याशी तिने पहिल्या पायरीवर पाय ठेवला, कठडा धरला आणि दुसरा उचलायच्या आधीच खाली घेतला. डोलीवाले पुढे आले. मी म्हणालो, बस, मी चालतो बरोबर.

“पायानं जायचं बोललेय मी,” ती म्हणाली. “डोलीत बसून देवाला काय तोंड दाखवू? तुमी जा.”

एका काकडीवालीने तिला आपल्या शेजारी पोतं अंथरून दिलं. मंगलने पिशवीतून नारळ काढला, त्याची शेंडी नीट केली आणि माझ्या हातात दिला. प्रियांका आईजवळ थांबली.

मी चढलो. तीनदा थांबलो, एकदा माकडांमुळे. धाप लागली, पण ती पूर्वीसारखी नव्हती, कष्टाची होती. वर गाभाऱ्यात अंधार आणि गारवा होता. माझ्या पुढच्या जोडप्याने नारळ फोडला. पुजाऱ्यांनी माझ्यापुढे हात केला. मी नारळ छातीशी धरून तसाच उभा राहिलो, मग नमस्कार करून बाजूला झालो.

खाली आलो तेव्हा मंगलने आधी माझा चेहरा बघितला, मग हात.

“फोडला न्हाई?”

“दोघांनी मिळून म्हणाली होतीस.”

तिने नारळ परत पिशवीत ठेवला. काही वेळाने माझं मनगट ओढून घड्याळ बघायला लागली. तिला तो आकडा वाचता येतो, पाच महिने तिने तो रोज आणून दिला होता. तरी तिने विचारलं, “किती?”

मी सांगितलं.

“तुमचीच ना?”

मी हो म्हणालो. प्रियांका दुसरीकडे बघत होती.

मग मंगलने माझ्या खांद्यावर हात टाकला आणि उठली. पार्किंगपर्यंत फार अंतर नव्हतं. वर चढायला मला जेवढा वेळ लागला होता, जवळजवळ तेवढाच तिला तिथवर जायला लागला.

नारळ आमच्या देव्हाऱ्यात आहे. रोज सकाळी धारा काढून आलो की हात धुऊन मी तो कानाशी धरून हलवतो. आतलं पाणी अजून वाजतं. आणला होता तेव्हापेक्षा कमी वाजतं.